कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्याजवळचं सर्जिकलचं दुकान : मोठ्यांचे डायपर, पँट, पॅड घेणाऱ्यांनी जरूर वाचा

पाचपैकी पाच द्यायचे होते, पार्किंग आणि पायऱ्यांमुळं चार देतेय. दसरा चौकातून सीपीआरकडं येताना मेडिकलची रांग लागते त्यातलंच हे एक, बाहेर व्हीलचेअर आणि वॉकर लावून ठेवलेले, लांबून बघितलं तर बाकीच्यांसारखंच दिसतं. आमच्या घरातलं आता सगळं इथूनच येतं, सासऱ्यांसाठी डायपर आणि पँट, सासूबाईंसाठी पॅड, गादीवर घालायच्या शीट, क्रीम, हातमोजे. जरा सविस्तर लिहिते कारण या वस्तूंबद्दल मराठीत कोण काही लिहीत नाही, आणि ज्याच्या घरात वेळ येते तो रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर शोधत बसतो.

पहिलं म्हणजे बोलणं. बाकी मेडिकलमध्ये या वस्तूचं नाव काढलं की काउंटरवरचा पोरगा एक तर आवाज बारीक करतो नाहीतर आतल्या माणसाला "ए, मोठ्यांचं हगीज हाय का बघ रे" म्हणून अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असा ओरडतो, दोन्हीत गिऱ्हाइकाची मान खाली. मग पुडा वर्तमानपत्रात गुंडाळायचा, वरनं काळी पिशवी, जसं काय आपण चोरून काहीतरी नेतोय. इथं तसं काही नाही. काउंटरला बहुतेक वेळा मालकांच्या मिसेस असतात, सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, त्या पहिला प्रश्न विचारतात, "हिंडतं-फिरतं माणूस आहे का झोपून?" आवाज ना बारीक ना मोठा, चहापावडर पाव किलो देऊ का अर्धा विचारावं तसा. मग कंबर किती, वजन अंदाजे किती, नुसतं लघवीचं आहे का संडासचं पण, रात्रीपुरतं पाहिजे का दिवसभर. हे सगळं विचारून झाल्याशिवाय त्या रॅकवरचा पुडा काढतच नाहीत, तुम्ही कितीही घाई करा. आणि पिशवी पारदर्शक पाहिजे का साधी ते पण विचारतात, ज्याला झाकून न्यायचंय त्याला झाकून देतात, पण आपणहून काळ्या पिशवीत कोंबत नाहीत. हे मला फार पटलं.

तिथं उभं राहिल्यावर लोक कायकाय नावं घेतात ते ऐकायला मिळतं. मोठ्यांचं हगीज, पेशंटचं पॅम्पर, म्हाताऱ्या माणसांची नॅपी, लघवीचं पॅड, चिकटपट्टीवालं, चड्डीवालं, खाली अंथरायचं, आणि सगळ्यात जास्त वेळा "ते हे". एक आजोबा नुसती चिठ्ठी पुढं करून गप्प उभे राहिले, नजर रस्त्याकडं. हगीज, पॅम्पर्स ही खरं तर लहान पोरांच्या डायपरच्या ब्रँडची नावं पण आपल्याकडं वस्तूचंच नाव होऊन बसलंय. डॉक्टर चिठ्ठीवर इनकॉन्टिनन्स लिहितात, ते घरात कोणाच्याच तोंडात नसतं, घरात म्हणतात लघवी सुटते, कंट्रोल राहिला नाही, अंथरुणातच होतंय. पुस्तकात मूत्र-असंयम असा शब्द आहे, तो मला अजिबात आवडत नाही, असंयम म्हटलं की त्या माणसानं मनावर घेतलं नाही असा वास येतो, ज्याचं प्रोस्टेट वाढलंय किंवा ज्याला अर्धांगाचा झटका येऊन गेलाय त्यानं संयम कुठनं आणायचा. त्यापेक्षा "लघवीवर ताबा नाही" हे घरचं बोलणं शंभर पटीनं चांगलं, त्यात दोष कुणावर जात नाही.

आता तुम्ही म्हणाल नावात काय अडलंय, वस्तू मिळाली की झालं. तर नावातच सगळं अडतं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना पुण्याच्या मुलानं फोनवर सांगितलं बाबांसाठी पॅड घेऊन ये, त्याला म्हणायचं होतं गादीवरचं अंडरपॅड, काकूंनी जवळच्या मेडिकलमध्ये पॅड मागितलं आणि त्यांनी बायकांचं सॅनिटरी पॅड दिलं, सगळ्यात मोठ्या साइझचं. बिचाऱ्या काकूंनी तेच रात्रभर वापरून बघितलं. पॅड या एका शब्दात तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि तिन्ही एकमेकांच्या कामाच्या नाहीत. म्हणून हे दुकान शब्द विचारत नाही, माणूस विचारतं, माणूस कसा आहे कळलं की वस्तू आपोआप ठरते.

वहिनींनी मला जसं समजावलं तसंच सांगते. माणूस झोपून असेल, स्वतःहून कमर उचलता येत नसेल तर दोन्ही बाजूला टेप असलेला उघडा डायपर. तो कुशीवर वळवून खाली सरकवता येतो, बदलताना पायजमा पूर्ण काढायला लागत नाही, इंग्रजी कॅटलॉगात याला ब्रीफ म्हणतात. माणूस हिंडताफिरता असेल, वॉकरनं का होईना, तर पँट, म्हणजे चड्डीसारखी पायातनं वर चढवायची आणि काढताना दोन्ही बाजूची शिवण फाडून काढायची. पँट खालून ओढून काढायला गेलात तर सगळं पायावर येणार, हे पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी, पुड्यावर बारीक चित्र असतं पण ते कोण बघतंय. थोडंथोडंच सुटत असेल तर आपल्याच चड्डीला चिकटवायचं छोटं पॅड, याला इन्सर्ट म्हणतात. आणि गादी वाचवायची तर अंडरपॅड, साधारण साठ बाय नव्वद सेंटीमीटरची शीट, एका बाजूनं प्लॅस्टिक, आपल्या आज्या मेणकापड घालायच्या त्याच जागी, पण मेणकापड पाणी शोषत नाही, सगळं पाठीखाली साचतं आणि कातडी कुजायला लागते, हे शोषतं. पण अंडरपॅड म्हणजे डायपर नव्हे, नुसतं त्यावर माणूस ठेवून चालत नाही.

आमच्याकडं आधी टेपचे लागले, मग पँट. मामा, म्हणजे माझे सासरे, बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि झोपून राहायची वेळ आली. आमच्यात सुनेनं सासऱ्यांचं हे सगळं करायचं म्हणजे दोघांनाही किती अवघड ते वेगळं सांगायला नको. हे ऑफिसला, नर्स दिवसातून एकदा, मग उरलेलं मी आणि आत्या, म्हणजे सासूबाई. मामांचं आयुष्य मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर गेलं, शब्दाला वजन असलेला माणूस, ते पहिल्या दिवशी भिंतीकडं तोंड करून एवढंच म्हणाले, "मला लंगोट बांधायला मी काय तान्हं पोर हाय व्हय?" डायपर हा शब्द घरात उच्चारला की जेवायचे नाहीत. पाणी प्यायचं बंद केलं. हे बहुतेक घरात होतं म्हणे, म्हातारी माणसं लघवी नको म्हणून पाणीच तोडतात, आणि त्यानं उलटं होतं, लघवी घट्ट होते, जळजळते, लघवीच्या पिशवीला जास्त टोचते, इन्फेक्शन होतं, वर बद्धकोष्ठता, आणि बद्धकोष्ठतेनं लघवीचा त्रास अजून वाढतो. डॉक्टरांनीही हेच सांगितलं पण मामांनी ऐकलं ते वहिनींचं.

झालं असं की वॉकर घेऊन चालायला लागल्यावर मामा वॉकरचे खालचे रबर बदलायला आमच्याबरोबर रिक्षातनं दुकानात आले. पायऱ्या चढता येईनात म्हणून वहिनी स्वतः खाली रस्त्यावर आल्या. माझ्याशी बोलल्याच नाहीत, थेट मामांशी. "मामा, पाय कुठवर टेकतोय आता? बाथरूमपर्यंत पोचायच्या आधी होतंय का?" मामा माझ्याकडं बघत होते, मी तिकडं वॉकर बघत असल्यासारखं केलं. मग त्यांनी एक सुटी पँट आणून मामांच्या हातात दिली, उघडून. "ही आपल्या चड्डीसारखीच चढवायची, वरनं पायजमा घातला की कळत नाही, प्रवासाला बरी पडते." मामांनी आतला भाग अंगठ्यानं दाबून बघितला, कमरेचं इलॅस्टिक ताणून बघितलं, उलटी करून शिवण बघितली, मग विचारलं, "केवढ्याला हाय?" हा पहिला प्रश्न त्यांनी स्वतः विचारलेला. माल आवडल्याशिवाय मामा कधीच भाव विचारत नाहीत.

त्या दिवसापासनं आमच्या घरात त्या वस्तूचं नाव "प्रवासाची". आज प्रवासाची घालतो, प्रवासाच्या संपत आल्या, दोन पुडे आणून ठेव. गडहिंग्लजला भाच्याच्या लग्नाला एवढ्या लांब गाडीत बसून गेले, जेवायला पहिल्या पंगतीला. काही लोक म्हणतात असं गोड नाव देणं म्हणजे माणसाला फसवणं. मला तसं वाटत नाही. ज्याच्या अंगाला लागणार त्याला ज्या नावानं ती उचलावीशी वाटते तेच तिचं खरं नाव. जपानमध्ये या पँटला रिहॅबिली पँट म्हणतात, म्हणजे परत चालायला शिकणाऱ्या माणसाची पँट, आपल्याकडं लाइफ्री विकणारी युनिचार्म कंपनी, तिनंच १९९० च्या दशकात ते नाव देऊन बाजारात आणली, आता तिथल्या नर्सबाई पण तोच शब्द वापरतात. तिथं म्हातारी माणसं इतकी झालीत की ओजी नावाच्या मोठ्या कागद कंपनीनं २०२४ मध्ये देशातलं लहान मुलांच्या डायपरचं उत्पादन बंद करून मोठ्यांच्यावर भर द्यायचं जाहीर केलं. आणि अमेरिकेत डिपेंड ब्रँड आला तेव्हा १९८० च्या दशकात जून अ‍ॅलिसन नावाची सिनेमातली नावाजलेली नटी टीव्हीवर तोंड दाखवून त्याची जाहिरात करायची. लपवाछपवी सगळीकडंच होती आणि सगळीकडं कोणीतरी नीट नाव घेऊन बोलल्यावरच ती कमी झाली.

एक अट मात्र वहिनींनी घातली, नाव काहीही ठेवा पण नर्सला, डॉक्टरला आणि दुकानात सांगताना टेपचा का पँट, मीडियम का लार्ज, हे स्पष्ट सांगायचं, तिथं "ते हे" चालणार नाही.

आत्यांचं वेगळंच. मी एकदा मामांचं सामान घेत असताना वहिनींनी सहज विचारलं, घरात बायकांपैकी कुणाला शिंकताना, खोकताना, कळशी उचलताना थेंब थेंब होतंय का. मी घरी येऊन आत्यांना विचारलं, त्या हसल्या आणि म्हणाल्या सगळ्याच बायकांना होतंय की, त्यात काय सांगायचं. म्हणजे वर्षानुवर्षं जुन्या लुगड्याच्या घड्या घालून चाललं होतं. भजनाला गेल्या तरी कायम दाराजवळ बसायच्या, नवरात्रात अंबाबाईच्या रांगेला उभं राहायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं आणि आम्ही समजत होतो गुडघे दुखतात म्हणून. बाळंतपणांनी आणि वयानं खालचे स्नायू सैल पडतात, त्यामुळं पोटावर दाब आला की सुटते. याला व्यायाम आहे, कीगल म्हणतात, आर्नोल्ड कीगल या अमेरिकन डॉक्टरनं १९४८ मध्ये याबद्दल लिहिलं, लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळून सोडायचे, दिवसातनं ठरवून. लेडी डॉक्टरांनी आत्यांना नीट शिकवलं, त्या आता जप करताना करतात, फरक पडायला वेळ लागतो पण पडतो. तोवर बाहेर जाताना छोटं पॅड. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, बायका यासाठी पाळीचं पॅड वापरतात ते बरोबर नाही, ते रक्तासाठी बनवलेलं असतं, हळूहळू येणाऱ्या दाट गोष्टीसाठी, लघवी एकदम येते आणि पातळ असते, ते तिला धरू शकत नाही, ओल वर राहते, वास येतो, कातडी लाल होते. दिसायला दोन्ही सारखीच म्हणून लक्षात येत नाही.

दुकानाचं अजून एक मोठं काम म्हणजे सुटा पीस देतात. अख्खा दहाचा पुडा घेतला आणि साइझ चुकली की पैसे वाया, उघडलेला कोण परत घेत नाही. इथं एक मीडियम एक लार्ज न्या, घालून बघा, मग पुडा घ्या. न उघडलेला पुडा बिल दाखवून बदलूनही देतात, आमचा दिलाय. साइझचं लोकांना कळत नाही, आपण पँटची जी साइझ घेतो ती सांगतात. शिवणकामाच्या टेपनं कंबर मोजा आणि कुल्ला मोजा, दोन्हीत जे जास्त ते माप, पुड्यावर इंच-सेंटीमीटरमध्ये रेंज असते तिच्यात बसवा. मोठा घेतला म्हणजे जास्त धरेल असं नसतं, मोठा घेतला की मांडीपाशी फट राहते आणि तिथनंच गळतं. बहुतेक गळती कापूस कमी म्हणून नाही, फट राहिली म्हणून होते.

काउंटरवर एक स्टीलचा पेला ठेवलेला असतो. कोणी नवीन गिऱ्हाईक साशंक असलं की वहिनी सुटा डायपर उघडून मधोमध पेलाभर पाणी ओततात, दहा-पंधरा सेकंदात पाणी दिसेनासं होतं, मग वरनं टिश्यू दाबून दाखवतात, जवळजवळ कोरडा. आत सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेट नावाची पावडर असते, ती पाणी पिऊन जेली होते आणि दाबलं तरी सोडत नाही. पण वहिनी लगेच हेही सांगतात की हे साधं पाणी आहे, लघवीत मीठ असतं, त्यामुळं ती पावडर तिथं बरंच कमी पिते, जेवढं इथं दिसतंय तेवढं घरात होणार नाही. हे सांगून स्वतःचाच माल थोडा कमी दाखवायचा, असा दुकानदार मी तरी पहिल्यांदा बघितला. पुड्यावर दहा तास, बारा तास लिहिलेलं असतं त्याबद्दलही त्यांचं हेच, ते डायपर किती धरेल त्याचं आहे, माणूस तेवढा वेळ त्यात ठेवा असं नाही. बाहेरून मधोमध पिवळी रेघ असते, ओल लागली की निळी-हिरवी होते, रेघ बऱ्याच लांबीला बदलली की बदला, आणि संडास झाली तर रेघ बघत बसू नका, लगेच.

घालायची पद्धत त्यांनी एकदा माझ्यासमोर मोठ्या उशीवर करून दाखवली. आधी डायपर लांबीत मधे दुमडून नावेसारखा करायचा म्हणजे आतले उभे कठडे वर येतात. माणूस कुशीवर, बायकांना नेहमी पुढून मागं. सरळ केल्यावर खालच्या टेप आधी, जरा वरच्या दिशेला तिरक्या, मग वरच्या टेप सरळ किंवा किंचित खाली. शेवटी मांडीच्या कडेनं बोट फिरवून झालर बाहेर काढायची, आत दुमडून राहिली तर गळणारच. कमरेला दोन बोटं जायला पाहिजेत. बदलताना कोमट पाण्यानं पुसून, टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही, झिंक ऑक्साइडचं क्रीम पातळ, पावडर अजिबात नको, ओल लागली की पावडरीचे गोळे होतात आणि तेच कातडीला घासतात. आणि झोपून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर कितीही भारी असला तरी पाठीचा दाब तो घेत नाही. नर्सनं नंतर हेच सगळं सांगितलं, म्हणजे दुकानात ऐकलेलं बरोबरच होतं.

ब्रँडबद्दल. आम्ही फ्रेंड्सचे टेपवाले जास्त वापरले, ही नोबेल हायजीन कंपनी आपल्या महाराष्ट्रातलीच, सिन्नरला फॅक्टरी आहे त्यांची, टेप चांगल्या, रात्रीला पुरतात. पँटमध्ये मामांना लाइफ्रीची आवडते, इलॅस्टिक मऊ आहे, मांडीला वळ उठत नाहीत. मधे रोमसन्सचे डिग्निटी आणले होते, तेही ठीक. एका कंपनीचे, नाव घेत नाही, टेप एकदा उघडली की परत चिकटतच नव्हती, म्हणजे बघायला उघडलं की डायपर गेला. प्रत्येकाचं अंग वेगळं, म्हणून परत सांगते, सुटे घेऊन बघा.

किंमत हा मोठा विषय आहे. एक पीस साधारण तीस ते साठ रुपयांच्या मधे पडतो, ब्रँड आणि साइझप्रमाणं, पँट जरा महाग. दिवसाला तीन धरले तरी महिन्याला नव्वद पीस, म्हणजे २,७०० ते ५,४०० रुपये, यात अंडरपॅड आणि क्रीम धरलेलंच नाही. पेन्शन नसलेल्या घरात हे कुठनं आणायचे. म्हणून लोक एकच डायपर दिवसभर ठेवतात, आळस म्हणून नाही, पैसे नसतात म्हणून, आणि मग जखमा. जीएसटी आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. दुकानानं लगेच कमी केला हे मुद्दाम सांगते. पण सॅनिटरी पॅडवरचा कर जुलै २०१८ मध्येच पूर्ण काढला ना, मग हा पाच टक्के तरी कशाला ठेवायचा, ही काय हौसेची वस्तू आहे का. वहिनी ज्यांची ऐपत नाही त्यांना दिवसा अंडरपॅड आणि युरिन पॉट, रात्री डायपर असं बसवून देतात, पुरुष पेशंट असेल तर डॉक्टरांना कंडोम कॅथेटरबद्दल विचारा म्हणतात, ते बाहेरून लावायचं असतं आणि पिशवीला जोडतात, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या देत नाहीत.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, जे मला वाटतं प्रत्येक दुकानानं करावं. एक माणूस आईसाठी डायपर मागायला आला, वहिनींनी विचारलं कधीपासनं होतंय, तो म्हणाला गेल्या आठवड्यापासनं एकदम. त्यांनी एक सुटा पीस दिला आणि म्हणाल्या, "पुडा नको नेऊ भावा, आधी लघवी तपासून घे, शुगर तपास, नवीन गोळ्या चालू झाल्यात का ते डॉक्टरला सांग." एकदम सुरू झालं तर इन्फेक्शन असू शकतं, साखर वाढलेली असू शकते, बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, पुरुषात प्रोस्टेट, यातलं बरंच काही औषधानं आटोक्यात येतं. वय झालं म्हणजे हे होणारच असं समजून लोक थेट डायपरवर येतात आणि आयुष्यभर त्यावरच राहतात. पुड्याचे पाचशे रुपये सोडून असं सांगणाऱ्या दुकानाला मी रेटिंग देणार नाही तर कुणाला.

कचऱ्याचं पण विचारून घेतलं. वापरलेला डायपर संडासात टाकायचा नाही, ती जेली फुगते आणि पाइप तुंबतो, आमच्या वरच्या मजल्यावर झालंय. आत घाण असेल ती संडासात झटकून, डायपर घट्ट गुंडाळून त्याच्याच टेपनं बंद करून, कागदात बांधून वेगळा द्यायचा. २०१६ च्या घनकचरा नियमात सॅनिटरी कचऱ्यात डायपरबरोबर अशा शीटसुद्धा धरल्या होत्या आणि गुंडाळायला पाकीट देणं हे कंपन्यांचं काम आहे असं लिहिलं होतं, पण आम्हाला तरी पुड्यात कधी पाकीट मिळालं नाही. घंटागाडीवाल्या भाऊंना आम्ही सांगून देतो, कागदावर लाल पेननं गोल करून, म्हणजे हातानं चिवडत नाहीत. हा कचरा शेवटी कुणीतरी माणूसच उचलतो, त्याच्या हाताचा विचार करा.

आता तक्रारी. दुकानाला तीन उंच पायऱ्या आहेत, रॅम्प नाही, ज्या दुकानात येणारं अर्धं गिऱ्हाईक वॉकर आणि व्हीलचेअरवालं तिथं रॅम्प नसावा हे चुकीचंच आहे, मी तोंडावर सांगितलंय, बघूया. पार्किंगचं तर विचारू नका, सीपीआरच्या समोर दुपारी टू-व्हीलरला पण जागा मिळत नाही. बायकांची छोटी पॅड्स आणि एक्सेल (XL) साइझ बऱ्याचदा संपलेली असते, आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी वहिनी नसतील, नुसता पोरगा असेल तर तो पण "कसलं पाहिजे, हगीज?" असंच विचारतो, त्यालाही त्यांनी शिकवायला हवं. घरपोच देतात पण शहरातच, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात अडल्ट डायपर छापलेलं असतं, ज्यांना नको असेल त्यांनी फोनवर आधी सांगा, वरनं साधा कागद लावून पाठवतात, आम्ही सांगत नाही. रविवारी बंद. बेडपॅनची क्वालिटी साधारण आहे, प्लॅस्टिकचं घेऊ नका, कड टोचते, स्टीलचं भांडं घ्या.

जायचं तर सकाळी अकराच्या आत जा, वहिनी निवांत असतात आणि सगळं उघडून दाखवतात. जाताना कंबर आणि कुल्ल्याचं माप कागदावर लिहून न्या, पेशंट झोपून आहे का चालतोय, शेवटचा डॉक्टरचा कागद आणि चालू गोळ्यांची नावं. एक्सेल पाहिजे असेल तर आदल्या दिवशी फोन करून ठेवायला सांगा, ठेवतात.